माहिती अधिकाराचा अर्ज करताना पत्रकारांनी या चुका टाळा

दरवर्षी ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाच्या आगेमागे मी तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहरांसाठी माहिती अधिकाराच्या कार्यशाळा घेतो. आल्याआल्या प्रत्येकाच्या हातात कोरा कागद देतो आणि गावातल्या एखाद्या कामाबद्दल अर्ज लिहायला सांगतो. बहुतेक अर्ज असे असतात :

"आमच्या गावचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला? याला जबाबदार कोण? ठेकेदारावर काय कारवाई करणार?"

प्रश्न अगदी रास्त आहेत, पण अर्जात ते वाया जातात. महिन्याभराने एका ओळीचं उत्तर येतं, "मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही", आणि वार्ताहर कायद्यावरच वैतागतो. जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे कार्यालयात अशा अर्जांना उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने, दप्तरात आहे ते द्यायचं असतं. कारणमीमांसा करून देणं किंवा स्वतःचं मत सांगणं त्याच्यावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून कागद मागा, आणि दप्तरात त्याला जे नाव आहे त्याच नावाने मागा. तोच अर्ज मग असा होतो :

"अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, गुणवत्ता चाचणी अहवाल आणि अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती."

'का'चं उत्तर याच कागदांत असतं. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे 'एमबी'त, थराची जाडी लिहिलेली असते. ते पान घेऊन रस्त्यावर जा, उखडलेल्या कडेला पट्टी लावा आणि फोटो काढा. रस्ता किती वर्षं सांभाळायची जबाबदारी ठेकेदाराची आहे, ते करारनाम्यातल्या दोषदायित्व कालावधीत सापडेल. एवढं हातात आलं की उपअभियंत्याला फोन करा. तुमचा 'का' तेव्हा विचारायचा.

दुसरी चूक हावरेपणाची. "गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती" मागितली की 'विस्तृत स्वरूपाची' म्हणून नकार येतो. खरं तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ७(९) फक्त माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याबद्दल आहे, नकार द्यायची मुभा त्यात नाही. पण हा वाद घालण्यात तुमची बातमी शिळी होते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, तेव्हा एक काम, एक वर्ष एवढंच धरा. नेमका कागद कुठला हेच ठाऊक नसेल तर आधी नस्ती, म्हणजे त्या कामाची फाइल, बघून या. राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. ही वाट पुणे महापालिकेने आधीच पाडली होती. फार थोडे पत्रकार तिचा उपयोग करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वर्तमानपत्राच्या लेटरहेडवर अर्ज करू नका. हा अधिकार नागरिकाचा आहे, स्वतःच्या नावाने वापरा. माहिती कशासाठी हवी हेही लिहू नका, कलम ६(२) प्रमाणे ते विचारताच येत नाही. रेल्वे, पोस्ट अशा केंद्राच्या कार्यालयांना, राज्याच्या कार्यालयांत अर्जाला लावतो तो कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, तिथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा.

सगळ्यात महाग पडते ती तारखांची चूक. "साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात देतो" हे ऐकत तीन महिने जातात आणि अपिलाची मुदत निघून जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. १ जूनला अर्ज दिला तर १ जुलैला उत्तराची मुदत संपते, आणि उत्तर आलंच नाही तर ३१ जुलैपर्यंत प्रथम अपील, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद, दाखल झालं पाहिजे. त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. मुदत उलटल्यावर माहिती मोफत द्यावी लागते, हे अपिलात जरूर लिहा. त्यानंतरचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांच्या आत.

"नस्ती आढळून येत नाही" हे उत्तर आलं म्हणजे सगळं संपलं असं धरून बसू नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. नस्ती शेवटी कोणाच्या ताब्यात होती ते अपिलात विचारा आणि गुन्हा नोंदवण्याची मागणी करा. हरवलेली नस्ती अशा मागणीनंतर कपाटामागे सापडल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

'वैयक्तिक माहिती' या नकाराचं वजन आता वाढलं आहे. नव्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने केलेला कलम ८(१)(जे) मधला बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आणि सार्वजनिक हित असेल तर अशी माहितीही द्यावी, ही त्या कलमातली जुनी तरतूद गेली. कलम ८(२) मात्र शाबूत आहे : सार्वजनिक हित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. माहिती उघड करण्यातलं सार्वजनिक हित मोठं कसं, ते अपिलात दोन ओळींत मांडा. नाव, पत्ता झाकून उरलेला भाग द्यावा, असं कलम १० खाली मागा.

आणि एकट्याने लढू नका. तळेगावात जानेवारी २०१० मध्ये माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि ते गेले. त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदला गेला. हातात आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी स्कॅन करून संपादकाकडे आणि आणखी एका सहकाऱ्याकडे पाठवा. धमकी आली तर तारीख, वेळ, नंबर टिपून लेखी तक्रार द्या आणि तिचीही पोच घ्या. पत्रकारावर हात उगारला गेला तर राज्याचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा लावायला सांगा. त्याखालचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही.