बाळाच्या लशीला आलेल्या बापाची सिगारेट कशी सोडवायची

लहान मुलांच्या दवाखान्यात बाप बऱ्याचदा केबिनपर्यंत पोचतच नाही. आई बाळाला घेऊन आत येते, आजी पिशवी सांभाळते आणि बाप ‘गाडी लावून येतो’ म्हणत खालच्या टपरीवर रेंगाळतो. त्याला आत आणणं हे पहिलं काम. नाव नोंदवतानाच रिसेप्शनवरून सांगायचं, “आज डॉक्टरांना दोघांशी बोलायचंय, पप्पांनाही बोलवा.” कारण सांगत बसू नये, सांगितलं की बाप गाडीपाशीच थांबतो.

एवढी खटपट करण्याचं कारण साधं आहे. तिशीतला धडधाकट माणूस स्वतःसाठी वर्षानुवर्षं डॉक्टरची पायरी चढत नाही, पण बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना हमखास येतो. शिवाय दर चार आठवड्यांनी येतो. व्यसन सोडवताना पाठपुरावा सगळ्यात आधी बारगळतो आणि इथे त्याच्या तारखा लसीकरणाच्या कार्डावर आधीच छापलेल्या असतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये याच विचारातून बालरोगतज्ज्ञांसाठी ‘सीझ’ (CEASE) नावाची पद्धत तयार झाली. तिच्या पायऱ्या तीनच: विचारा, मदत करा, पुढे जोडून द्या. नाशिकच्या गर्दीच्या ओपीडीतही ती दोन-तीन मिनिटांत बसते. अट एकच, सगळं डॉक्टरने एकट्याने करायचं नाही.

विचारताना

प्रश्न केस पेपरवरच छापून घ्या आणि तो प्रत्येकाला विचारा. “तुम्ही सिगारेट ओढता का?” असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. “घरात विडी-सिगारेट कोण कोण ओढतं? शेवटची कधी ओढली?” असं विचारलं की आजोबा, काका, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू असे सगळे निघतात. सासूबाई शेजारी असताना सून खरं सांगेलच असं नाही. बाळाचं वजन करायला सिस्टर तिला एकटीला घेऊन जाते, तेव्हा विचारलेलं बरं.

तंबाखूचंही त्याच दमात विचारा. २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे फक्त धुराबद्दल विचारलं तर मळून खाणारा बाप आणि मिश्री लावणारी आई दोघंही निसटतात. सिन्नर भागात विड्या वळण्याचं काम जुनं आहे. तिकडून आलेल्या घरात तंबाखूचं सूप बाळाच्या झोपायच्या खोलीत असतं का, तेही विचारून घ्या.

फाइलमध्ये ‘घरात धूर: होय’ एवढंच लिहा. कोण ओढतं ते नाव नको, फाइल घरभर फिरते.

बोलताना

भाषण नको. बाळाच्या आजच्या तक्रारीपासून सुरुवात करा: “याला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा घरघर झाली. औषध चालू ठेवू, पण घरातल्या धुराने छाती पुन्हा भरेल. सोडायचं मनात आहे का? मदत करतो.” दम्याच्या मुलाचा पंप वाढवण्याआधी तर हा प्रश्न झालाच पाहिजे. सतत कान फुटणं, न्यूमोनिया, लहान बाळाचा झोपेतला अचानक मृत्यू, या सगळ्यांचा धोका धुराने वाढतो.

“मी बाल्कनीतच ओढतो” हे उत्तर ठरलेलं आहे. बाल्कनीतला धूर दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येतो, आणि नाशिकच्या थंडीत तर दार उघडं ठेवून एक पाय आत, एक पाय बाहेर असंच ओढणं चालतं. शर्ट, मिशा, केस, बोटं यांवर बसलेला अंश तर बाळाला उचलून घेताना थेट त्याच्या तोंडापाशी जातो. सोडेपर्यंत घर आणि गाडी पूर्ण बंद, ओढल्यावर शर्ट बदलून हात-तोंड धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. ही तात्पुरती सोय आहे, इलाज नव्हे, हेही बजावून सांगा.

सासऱ्यांची विडी हा नाजूक मामला. सुनेने सांगावं अशी अपेक्षा ठेवू नका. औषधाच्या चिठ्ठीवर, सिरपच्याही वर, पहिल्या क्रमांकाला मराठीत लिहा: ‘घरात, गाडीत, बाल्कनीत कोणीही विडी-सिगारेट ओढू नये.’ खाली सही-शिक्का. मग तिला बोलावं लागत नाही, कागद बोलतो. आजोबा आलेच असतील तर, “आजोबा, नातवाच्या छातीसाठी तुमची मदत लागेल,” असं म्हणा. मुलाला मात्र ‘पप्पांना सांग सोडायला’ म्हणून पोलीस करू नये. घरी त्यालाच दटावलं जातं.

हातात काय द्यायचं

नुसता सल्ला फाटकापर्यंत टिकतो. बाप केबिनमधून बाहेर पडण्यापूर्वी तीन गोष्टी व्हायला हव्यात: तारीख, फोन, चिठ्ठी.

तारीख दोन आठवड्यांच्या आतली आणि पुढच्या लशीच्या आधीची. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारी सेवा, मोफत आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालते आणि मराठीत बोलते. सोमवारी ती बंद असते. म्हणून सोडायचा दिवस शक्यतो मंगळवार धरा, पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात. नंबर त्याच्याच मोबाइलवरून तिथेच लावून द्या. ‘घरी जाऊन करतो’ म्हणणारा करत नाही.

चिठ्ठीत निकोटीन गम, म्हणजे सिगारेटऐवजी थोडं निकोटीन देऊन तलफ भागवणारा चघळायचा गम. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. भारतात २चा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४च्या गमला चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला २४च्या वर नाही.

गम फसतो तो चघळण्यात. लोक तो च्युइंगमसारखा चावतात, निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते आणि ‘आपल्याला गम चालत नाही’ म्हणून डबी कपाटात जाते. केबिनमध्ये करून दाखवा: सावकाश चावायचं, तिखटपणा किंवा झिणझिण्या जाणवल्या की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी-कोल्ड्रिंक नाही, आंबट पेयांनी निकोटीन नीट शोषलं जात नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगाराला हे खास सांगावं लागतं, कारण शिफ्ट सुटल्यावर चहा आणि सिगारेट एकाच टपरीवर असते. रविवारची मिसळ आणि त्यानंतरचा कटिंगही असाच घातक. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी, दीर्घ श्वास आणि टपरीपासून चार पावलं लांब.

दुसरी चूक म्हणजे कंजूषपणा: दिवसाला दोन-तीन गम खाऊन भागवणं. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, सोयीचा: २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४चा दोन, ७चा दोन. रोज नवी जागा, केस नसलेली कोरडी त्वचा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखणारा किंवा ठोके अनियमित असलेला माणूस आधी फिजिशियनकडे पाठवा. व्यसन सोडवण्याच्या गोळ्यांचा निर्णयही त्यांचाच.

अंगावर पाजणारी आई मिश्री लावत असेल तर दूध तोडायला सांगू नका. मिश्री सोडवा, आणि सुटेपर्यंत लावायचीच असेल तर पाजण्याआधी नव्हे, पाजून झाल्यावर. गम-पॅच तिला फिजिशियनच्या सल्ल्यानेच.

गमची डबी आणि वापरलेले पॅच बाळाच्या हाती लागता कामा नयेत. पॅच चिकट बाजू आत दुमडून झाकणाच्या कचरापेटीत टाकायचा. मुलाने तोंडात घातलाच तर काढून घेऊन थेट कॅज्युअल्टी, गाडी नसेल तर १०८.

पुढच्या लशीला

“सोडली का?” असं न विचारता “शेवटची कधी?” असं विचारा. पुन्हा सुरू झाली असेल तर ती कुठे आणि कोणाबरोबर, गम दिवसाला किती खाल्ले, एवढंच पाहा. बहुतेक वेळा गम कमी पडलेला असतो. सिगारेटऐवजी पुडी सुरू झालीय का, हेही बघा, तसं सर्रास होतं. मग नवी तारीख लिहून, गमचा आकडा वाढवून, साडेतीन महिन्यांच्या लशीला पप्पांनी यायचंच असं कार्डावर पेनाने लिहून द्या.