माटुंग्यात कॉलेजसाठी राहायला येताय? आधी स्टेशन ठरवा, मग खोली

मुंबईत कॉलेजांचं म्हणून एखादं गाव असेल तर ते माटुंगा स्टेशन, किंग्ज सर्कल आणि फाइव्ह गार्डन्स यांच्यामधलं. रुईया, पोदार, वेलिंगकर, व्हीजेटीआय, खालसा आणि आयसीटी (जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटीच) सगळं चालत जाण्याच्या अंतरात. इथे जागा परवडली तर लोकलचा प्रश्नच नाही. पण बहुतेकांना ती परवडत नाही. मग दादरचं नायगाव, वडाळा, सायन कोळीवाडा, नाहीतर थेट डोंबिवली-नेरूळ. तिथे मुलं भाडं बघून जागा घेतात आणि गाडीचं नंतर बघू म्हणतात. उलटं करा.

माटुंगा आणि माटुंगा रोड ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर. मध्ये झेड ब्रिज हा पादचारी पूल. वरची सगळी कॉलेजं मध्य रेल्वेच्या पूर्वेला आहेत, रुपारेल मात्र माटुंगा रोडच्या बाजूला. दोन्ही स्टेशनांवर स्लो गाड्याच थांबतात. डोंबिवलीहून फास्टने यायचं तर कुर्ल्याला उतरून स्लो पकडायची: सायन, मग माटुंगा. आळस करून दादरपर्यंत गेलात आणि पास माटुंग्यापर्यंतचाच असला तर तुम्ही विनातिकीट ठरता. दंड किमान २५० रुपये, वर भाडं. दादरलाच उतरणं सोयीचं असेल तर पास दादरपर्यंतचा मिळेल का, ते सवलतीच्या पासाचा फॉर्म भरतानाच कॉलेजला विचारा. हार्बर लाइनवर फसगत वेगळी. पनवेल-नेरूळकडून सीएसएमटीला जाणारी गाडी किंग्ज सर्कल स्टेशनला जातच नाही. वडाळा रोडला उतरून गोरेगाव बाजूची गाडी घ्या, नाहीतर कुर्ल्यालाच मध्य रेल्वेची स्लो पकडा.

आता खोली. विद्यार्थ्यांना इथे बहुतेक जागा कॉट बेसिसवर मिळते: एक पलंग, अर्धं कपाट, सामाईक बाथरूम. ती बघायला संध्याकाळी जाऊ नका. सकाळी साडेसहाला जा. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं आणि एका बाथरूममागे किती जण आहेत हे तेव्हाच कळतं. सहा जण, एक बाथरूम आणि सगळ्यांची लेक्चरं सकाळची, हे गणित पहिल्याच आठवड्यात कोसळतं. कपाटाला स्वतःचं कुलूप लागतं का, लाइट बिल कसं वाटतात, एसीला वेगळा मीटर आहे का, सोडताना किती दिवसांची नोटीस, हे तिथेच विचारा. तळमजला असेल तर भिंतीकडे नीट बघा. जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाची आडवी रेघ, त्याखाली फुगलेला गिलावा आणि फ्रिज विटांवर चढवलेला दिसला, तर घरमालक काहीही म्हणो, पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं.

फ्लॅट मिळून घेत असाल तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. साधारण ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स होतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, यांच्या बेरजेवर. महिना ३०,००० भाडं आणि एक लाख डिपॉझिट असेल तर ३,३०,००० अधिक १०,०००, म्हणजे शुल्क ८५० च्या आसपास. नोंदणी फी १,००० वेगळी. एजंट याचे पाच-सहा हजार सांगू लागला तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. आणि ताबा मिळाला त्या दिवशी भिंती, नळ, गिझर, गाद्या यांचा व्हिडिओ काढून घरमालकाला पाठवा. डिपॉझिटमधून 'रंगाचे' पैसे कापायची वेळ येते तेव्हा तोच कामाला येतो.

"करार नको, आपलं घरच समजा" असं कोणी गोड बोललं तर जागा पागडीची (एकरकमी पैसे देऊन घेतलेली, जुन्या भाडेकरूची) आहे का ते विचारा. माटुंगा-दादरच्या जुन्या इमारतींत अशा जागा पुष्कळ. तुमच्याकडून पैसे घेणारी व्यक्ती स्वतःच भाडेकरू असते आणि इमारतीच्या मालकाच्या परवानगीशिवाय तिला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. म्हणून कागद होत नाही. अशा जागा स्वस्त आणि कधीकधी प्रेमळही असतात, पण एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट अडकवू नका, आणि पैसे रोख न देता खात्यावर पाठवा.

कराराचा आणखी एक उपयोग: रेल्वेचा सवलतीचा पास. विद्यार्थ्यांना तो अर्ध्या दरात मिळतो, पण राहत्या जागेजवळच्या स्टेशनपासूनच. कॉलेजच्या दप्तरी तुमचा पत्ता लातूरचा असेल तर फॉर्म अडतो, म्हणून करार दाखवून मुंबईचा पत्ता आधी ऑफिसात नोंदवा. फॉर्म तीनच दिवस चालतो. शुक्रवारी घेऊन सोमवारपर्यंत ठेवला की पुन्हा कॉलेजची रांग. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पट पडतो. स्वस्त खरा, पण एप्रिलमध्ये काढून मे महिना गावी गेलात तर तोट्यात.

जेवणासाठी डबा लावायचा तर आधी आठवडाभर लावून बघा. दोन प्रश्न महत्त्वाचे: रविवारी रात्री डबा येतो का, आणि खाडा धरायला आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं. गरम पोळ्या बंद डब्यात घाम धरतात, तेव्हा कपड्यात गुंडाळून मागा. संध्याकाळी सातला आलेली ओल्या नारळाची आमटी मे महिन्यात दहापर्यंत आंबते. ज्या दिवशी डबा नाही त्या दिवशी माटुंगा स्टेशनजवळची रामा नायकांची उडिपी खाणावळ आहेच, १९४२ पासून. तिथे उपाशीपोटी जावं.

पावसाळ्यात गांधी मार्केट, किंग्ज सर्कल आणि हिंदमाता ही हमखास तुंबणारी ठिकाणं. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही, रस्त्यावर उभं राहतं. भरतीच्या वेळा पेपरात येतात. साडेचार मीटरच्या वरच्या दिवशी दुपारीच घरी निघा किंवा जवळच्या मित्राकडे थांबा. त्याच्याकडे एक जोड कपडे जूनमध्येच ठेवून द्यावेत. गुडघाभर पाण्यातून चाललात तर घरी आल्यावर साबणाने पाय धुवा आणि लेप्टोच्या (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. पायाला जखम असेल तर त्याच दिवशी.