स्पेशल नीड्स ट्रस्टमधून खर्च करताना : या चुका टाळा

स्पेशल नीड्स ट्रस्ट म्हणजे दिव्यांग व्यक्तीची सरकारी मदत न जाता तिच्यासाठी पैसा राखून ठेवणारा ट्रस्ट. त्याचा दस्तऐवज वकील नीट करून देतो. घोळ होतो तो नंतर, पहिला चेक लिहिताना. अमेरिकेत एसएसआय (कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना मिळणारी सरकारची मासिक मदत) घेणाऱ्या दिव्यांग व्यक्तीच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त मोजली जाणारी मालमत्ता चालत नाही, आणि ही मर्यादा १९८९ पासून जागची हललेली नाही. नियमात बसवून केलेल्या ट्रस्टमधला पैसा या मोजणीत येत नाही. मात्र तो बाहेर पडताना कोणाच्या हातात जातो, यावर पुढचं सगळं ठरतं. खालचे आकडे २०२५ चे आहेत.

लाभार्थीच्या हातात रोख देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, मुलगा वेगळा राहतो, दुसरं उत्पन्न नाही आणि त्याला महिना ९६७ डॉलर एसएसआय मिळतो. भाडं १,५०० डॉलर. ट्रस्टीने (ट्रस्ट सांभाळणाऱ्याने) हे १,५०० त्याच्या खात्यात टाकले, तर पहिले २० डॉलर सोडून उरलेले १,४८० उत्पन्न म्हणून मोजले जातात आणि त्या महिन्याचा एसएसआय शून्यावर येतो. बऱ्याच राज्यांत मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) एसएसआयला जोडलेलं असतं, त्यामुळे तेही धोक्यात येतं.

तेच भाडं ट्रस्टने थेट घरमालकाला दिलं, तर कपातीला कमाल मर्यादा आहे : एसएसआयच्या मूळ दराचा (९६७) एक तृतीयांश अधिक २० डॉलर, म्हणजे ३४२.३३. त्यातून नेहमीचे २० डॉलर वगळले की प्रत्यक्ष कपात ३२२.३३ होते आणि हातात ६४४.६७ राहतात. तेवढ्या कपातीत १,५०० चं भाडं निघत असेल, तर तो सौदा वाईट नाही. काही ट्रस्टी कपातीच्या भीतीने भाडं भरायलाच नकार देतात, तेही चूकच.

तिसरा रस्ता आहे एबल अकाउंटचा, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या खास बचत खात्याचा. ट्रस्टने पैसे एबलमध्ये भरायचे आणि भाडं तिथून द्यायचं, की कपात होत नाही. पथ्य एकच : भाड्यासाठी काढलेली रक्कम त्याच महिन्यात खर्च व्हायला हवी, पुढच्या महिन्यात उरली तर ती मालमत्तेत धरतात. खात्यात वर्षाला भरायची मर्यादा सगळ्यांचे मिळून १९,००० डॉलर, म्हणजे १,५०० चं बारा महिन्यांचं भाडं त्यात बसतं. मात्र आजीने वाढदिवसाला दोन हजार आधीच भरले असतील, तर बसत नाही. खात्यातले पहिले १,००,००० डॉलर एसएसआय मोजत नाही. पूर्वी अपंगत्व २६ वर्षांच्या आत आलेलं असावं लागायचं. १ जानेवारी २०२६ पासून ती अट ४६ वर्षांची झाली आहे.

गिफ्ट कार्डही शक्यतो टाळा. ते दुसऱ्याला विकता येत असेल, तर रोख रकमेसारखं धरलं जातं. लाभार्थीने खिशातून खर्च करून ट्रस्टकडून परत घेणं हेही उत्पन्नच. त्यापेक्षा त्याच्या क्रेडिट कार्डाचं बिल ट्रस्टने थेट बँकेला भरावं. आईवडिलांनी खर्च केला असेल, तर पावती घेऊन त्यांना परतफेड करता येते.

जुनी यादी घेऊन बसणं

‘ट्रस्टमधून किराणा चालत नाही’ हे अजूनही बरेच जण सांगतात. ३० सप्टेंबर २०२४ पासून एसएसआयने अन्न या कपातीतून काढून टाकलं. किराणा दुकानाला किंवा हॉटेलला ट्रस्टने थेट पैसे दिले, तर कपात नाही. निवाऱ्याचे खर्च मात्र अजून मोजतात : भाडं, घरकर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, वीज, गॅस, पाणी, कचरा. फोन आणि इंटरनेट या यादीत नाहीत.

थेरपी, श्रवणयंत्र, बोलायला मदत करणारा टॅबलेट, व्हीलचेअरसाठी गाडीत बसवायचा रॅम्प, सोबतीला माणूस यासाठीच तर ट्रस्ट असतो. पण आधी मेडिकेडकडे मागणी करा आणि नकाराचं पत्र फाइलला लावा. जे मेडिकेड देऊ शकलं असतं त्यावर ट्रस्टचा पैसा घालवणं म्हणजे मुलाचाच पैसा वाया घालवणं. काळजीवाहक ट्रस्टने थेट कामावर ठेवला, तर वर्षाला २,८०० डॉलरच्या पगारापासून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर भरावा लागतो. हे विसरलं, की दंडासकट वसुली येते.

दोन जातींचे ट्रस्ट एकत्र करणं

लाभार्थीच्या स्वतःच्या पैशाचा (अपघाताची भरपाई, त्याच्या नावावर आलेला वारसा) ट्रस्ट वेगळा आणि आईवडील-आजोबांच्या पैशाचा वेगळा. पहिला ६५ वर्षांच्या आत करावा लागतो, आणि लाभार्थी गेल्यावर उरलेल्या रकमेतून राज्य आधी मेडिकेडचा खर्च वसूल करतं. दुसऱ्यावर अशी वसुली नसते. मुलाची भरपाई सोयीसाठी आजोबांच्या ट्रस्टमध्ये ढकलली, तर आजोबांचा पैसाही वादात सापडतो. दोन्ही असतील, तर खर्च आधी पहिल्यातून करा. अंत्यविधीचा खर्च पहिल्या ट्रस्टमधून राज्याची वसुली होण्याआधी करता येत नाही. म्हणून अंत्यविधीचा करार हयातीतच पैसे भरून करून ठेवतात. बोलायला अवघड विषय आहे, पण नंतर धावाधाव करण्यापेक्षा बरा.

भारतातून येणारा पैसा

मराठी घरांत घोटाळा इथे होतो. आजीने नातवाच्या नावावर पुण्यात एफडी केली, तर ती नातवाची मालमत्ता, आणि २,००० च्या मोजणीत येते. आजोबांसोबतचं जॉइंट खातं असेल, तर सगळी रक्कम लाभार्थीचीच असं गृहीत धरतात. तशी ती नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. आजी-आजोबांना मृत्युपत्रात नातवाचं नाव न घालता त्याच्या थर्ड पार्टी ट्रस्टचं (वरच्या दुसऱ्या जातीचा) नाव घालायला सांगा, आणि ते मृत्युपत्र भारतातल्या वकिलाला दाखवून घ्या.

वडिलोपार्जित घरात मुलाचा हिस्सा निघाला, की नातेवाइकांना लगेच हक्कसोडपत्र सुचतं. ते करू नका. किमतीपेक्षा कमीत हक्क देऊन टाकला, तर एसएसआय ३६ महिन्यांपर्यंत बंद होऊ शकतो. धाकट्या भावाच्या नावावर पैसे ‘तात्पुरते’ वळवणं यालाही हाच नियम. हिस्सा विकून आलेली रक्कम पहिल्या जातीच्या ट्रस्टमध्ये टाका, तीही महिना संपायच्या आत, कारण मालमत्तेची मोजणी महिन्याच्या पहिल्या तारखेला होते.

आणि भारतवारी. तिकिटाचे पैसे ट्रस्टने थेट विमान कंपनीला द्यावेत. रद्द करून रोख मिळेल असं तिकीट नको. मात्र सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिलं, की एसएसआय थांबतो आणि परतल्यावर सलग ३० दिवस इथे काढल्याशिवाय सुरू होत नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत राहायचा बेत असेल, तर हा हिशोब तिकीट काढण्याआधी करा.

चूक होऊन गेली असेल तर

लपवू नका. उत्पन्न, पत्ता, प्रवास यातला कोणताही बदल ज्या महिन्यात झाला त्यानंतरच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत सोशल सिक्युरिटीला (एसएसआय देणाऱ्या सरकारी खात्याला) कळवायचा असतो. जास्त पैसे दिल्याची नोटीस आली आणि ती चुकीची वाटली, तर ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज (एसएसए-५६१) करा. रक्कम बरोबर आहे, पण दोष तुमचा नाही आणि परतफेड झेपणार नाही, तर माफीचा अर्ज (एसएसए-६३२). त्याला मुदत नाही, पण उशीर केला तर दरम्यान कपात चालू राहते. दोन्ही अर्जांसोबत ट्रस्टच्या खात्याचा उतारा आणि पावत्या जोडा. प्रत्येक पावतीवर तारीख, कोणाला दिले आणि कशासाठी, एवढ्या तीन गोष्टी त्याच दिवशी लिहून ठेवलेल्या असल्या, तर हे काम एका दुपारीत होतं.