माळ्यावरची जुनी पेटी विंटेज आहे का? आधी आतले सूर पाहा

नागपुरात महाल भागात वाडा पाडायला निघाला की माझ्याकडे पेटी, म्हणजे हार्मोनियम, येते. माळा रिकामा करताना सापडलेली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. प्रश्न ठरलेला: "शंभर वर्षांची आहे, किती येतील जी?"

शंभराचा आकडा कायद्यातला आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि मग ती आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. 'विंटेज'ला अशी व्याख्या नाही. तीस वर्षांच्या पेटीलाही विकणारे विंटेज म्हणतात. मी विचारतो एवढंच, की आतले सूर, म्हणजे हवेनं थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभा, तिचे स्वतःचे आहेत का? असतील तर साठ वर्षांची पेटीही जपावी. नसतील तर शंभरीतही तो जुना सागवानी खोकाच.

पेटी हाती आली की लगेच भाता मारू नका. वर्षानुवर्षांची धूळ हवेबरोबर सुरांच्या जिभांखाली जाऊन बसते. आधी मऊ ब्रशनं झाडा, मग स्क्रू पाहा. जुन्या पेटीच्या स्क्रूवर एकच सरळ खाच असते. अधिकच्या खुणेचा स्क्रू 1930 च्या दशकात आला, त्यामुळे त्याहून जुनी म्हणून सांगितलेल्या पेटीत तो दिसला तर कोणीतरी ती नंतर उघडलेली आहे.

सुरांची फळी उचलली की पितळी सूर रांगेनं दिसतात. इथं घाई करू नका, खिडकीपाशी उजेडात बसा. प्रत्येक जिभेवर सूर लावताना केलेले ओरखडे असतात: टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. जुने ओरखडे पितळेबरोबर काळवंडतात. चमकणारा ओरखडा अलीकडचा. सगळी रांग एकाच रंगाची आणि मधले चार सूर पिवळेधमक, तर ते चार बदललेले. पॅरिसचे किंवा जर्मन सूर म्हटलं की जाणकार थांबून बघतात, आपल्याकडचे पालिताण्याचे सूरही नावाजलेले. पण तोंडी सांगण्यावर जाऊ नका, सुराच्या पितळी पट्टीवर छाप आहे का ते भिंगानं बघा.

आता दुकानाचं लेबल. नागपूरकरांना यात मोठी सोय आहे, कारण आपलं शहर जागचं न हलता राज्यं बदलत गेलं. पत्त्यात 'सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) असेल तर लेबल 1950 च्या आधीचं. 'नागपूर, म. प्र.' असेल तर 1950 ते 1956 मधलं, तेव्हा आपण मध्य प्रदेशाची राजधानी होतो. 'महाराष्ट्र' असेल तर 1960 नंतरचं, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 नंतरचं. इतवारीतल्या एका घरची पेटी त्यांच्या मते पणजोबांची, 1920 ची. आत लेबल होतं 'म. प्र.'चं. पण सूर एकूण एक मूळचे, भाता मिटल्यावर हवा धरून ठेवणारा. तीस वर्षं कमी भरली तरी ती मी पहिल्या प्रतीची म्हणेन. आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला दूर ठेवलं, त्याच काळातली ती. आमच्या भजनी मंडळांनी मात्र पेटी कधी सोडली नाही.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पेटी कूलरसमोर ठेवू नका. बाहेर 45 अंशांची कोरडी हवा, आत कूलरचा ओलावा; लाकूड फुगतं, आकसतं, सरसाचे सांधे सुटतात. कापडात गुंडाळून आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवा.

पेटीसोबत पायानं भाता मारायची पायपेटी किंवा खंजिरी निघाली तर पायपेटीच्या पट्ट्यांवर हस्तिदंत किंवा खंजिरीवर घोरपडीचं कातडं आहे का ते तपासा. असेल तर विकायचा विचार सोडा, वन्यजीव कायद्यानं तो व्यापार बंद आहे.

माझ्या आजोबांची पेटी मी विशीत एका कारागिराकडे फक्त सूर लावायला दिली होती. पॉलिश होऊन लखलखत परत आली. घरी उघडली, तर दोन्ही रांगा नव्या कोऱ्या. जुने सूर मागायला गेलो, तोवर ते भंगारात गेले होते. आजोबांची काळी दोन (दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर) मला अजून कानात ऐकू येते, त्या पेटीतून येत नाही. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी फळी उघडून दोन्ही रांगांचे फोटो काढा, कारागिरासमोर काढा, आणि बदललेला प्रत्येक सूर, तुटका का असेना, मोजून परत घ्या.