परवान्याच्या शस्त्रांचा विमा कसा उतरवावा

बंदुकीच्या नळीवर कोरलेला क्रमांक, परवान्यावर लिहिलेला क्रमांक आणि विमा पॉलिसीवर छापलेला क्रमांक हे तिन्ही अक्षरशः एक असले पाहिजेत. शस्त्राच्या विम्यातील बाकी सर्व गोष्टी या एका अटीवर उभ्या आहेत, आणि ज्यांच्या घरी आजोबांची बारा बोअर आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक आहे किंवा नेमबाजी करणाऱ्या मुलीची परदेशी रायफल आहे, अशा कुटुंबांनी विमा कंपनीच्या शाखेत जाण्यापूर्वी ही ताडणी घरीच करून घ्यावी.

भारतात ‘शस्त्रसंग्रह’ हा शब्द फार मोठा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही याच मर्यादेत मोजले जाते. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. नेमबाजांसाठी मात्र २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने सवलत वाढवली: एका प्रकारात नामवंत ठरलेल्या नेमबाजाला आठ, दोन प्रकारांत दहा आणि त्याहून अधिक प्रकारांत बारा शस्त्रे सवलतीच्या वर्गात ठेवता येतात. स्पर्धेत वापरली जाणारी ०.१७७ बोअरची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल नियमांतील ऊर्जामर्यादेच्या आत असेल, तर तिला परवाना लागत नाही. पण तिची किंमत लाखांत असते, म्हणून विम्याच्या यादीत ती विसरू नये. त्यामुळे या लेखातील वाचकाकडे दोन बंदुका, एखाददुसरी एअर रायफल आणि कदाचित भिंतीवर टांगलेले, कायमचे निकामी झालेले एखादे जुने शस्त्र असेल, असे मी धरून चालतो.

पहिले काम कागदपत्रांचे आहे. परवाना चालू मुदतीत आहे का, त्यावर युनिक आयडेंटिफिकेशन नंबर (परवानाधारकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक; हा बंदुकीचा क्रमांक नव्हे) आहे का आणि प्रत्येक शस्त्राची नोंद त्यावर झाली आहे का, हे पाहावे. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आधी करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. बेकायदा ताब्यातील वस्तूचा विमा कायद्यापुढे टिकत नाही; हप्ता वेळेवर भरला होता ही सबब मुदत संपलेल्या परवान्याला तारू शकत नाही. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि अन्य जिल्ह्यांत जिल्हाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. क्रमांक लिहिण्यात जुनी चूक राहून गेली असेल, आणि हाताने लिहिलेल्या पुस्तिकांत अशा चुका राहतात, तर ती त्यांच्याकडे लेखी अर्ज करून दुरुस्त करून घ्यावी. परवान्यावरची चूक तशीच ठेवून पॉलिसीवर ‘बरोबर’ क्रमांक लिहिणे हा सर्वांत वाईट मार्ग होय, कारण दाव्याच्या वेळी कंपनीपुढे दोन वेगळ्या बंदुकांचे कागद उभे राहतात.

यानंतर यादी करावी, आणि येथे कंटाळा करू नये. प्रत्येक शस्त्रासाठी स्वतंत्र पान घेऊन त्यावर बनावट, प्रकार, बोअर, क्रमांक, नळीची लांबी, दस्त्याचे लाकूड, त्यावरचे कोरीवकाम आणि आधीपासून असलेले ओरखडे व गंजाचे डाग लिहावेत. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत: संपूर्ण शस्त्र दोन्ही बाजूंनी, क्रमांक जवळून, कारखान्याची मुद्रा जवळून. छायाचित्रे काढण्यापूर्वी शस्त्र रिकामे असल्याची खात्री दोनदा करावी. दुर्बीण, केस, जादा नळी, नेमबाजाचे जाकीट यांची नोंद वेगळी करावी. पॉलिसीत ‘रायफल’ एवढेच लिहिले असेल, तर दुर्बीण तिच्यात धरली जाईलच असे नाही. खरेदीची पावती, वारशाने आले असल्यास वारसासंबंधीचे आदेश, आयात केले असल्यास सीमाशुल्काचे कागद या सर्वांच्या प्रती घराबाहेरही एका ठिकाणी ठेवाव्यात. ज्या पुरात बंदूक भिजते त्याच पुरात कपाटातील पावतीही भिजते, हे २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना सांगायला नको.

किंमत ठरवणे हा या कामातील खरा अवघड भाग आहे. कानपूरच्या कारखान्यातील .३२ रिव्हॉल्व्हर किंवा ईशापूरची .३१५ रायफल यांचे भाव नव्या खरेदीच्या दरावरून कळतात. पण सामान्य नागरिकाला बंदूक आयात करण्याची मुभा १९८० च्या दशकातच बंद झाल्यामुळे देशातील जुन्या विलायती बंदुकांचा साठा मर्यादित राहिला, आणि वेब्ली अँड स्कॉट किंवा डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांची चांगल्या स्थितीतील बंदूक आज तिच्या मूळ पावतीशी काहीही नाते नसलेल्या किमतीला विकली जाते. आजोबांनी काही शे रुपयांना घेतलेल्या बंदुकीची विमा रक्कम पावतीवरून ठरवली, तर ती भरपाई नावापुरतीच राहील. म्हणून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून लेखी मूल्यांकन घ्यावे, त्यावर बनावट, क्रमांक, स्थिती आणि तारीख असावी, आणि ते दर दोन-तीन वर्षांनी नवे करावे. नेमबाजाच्या आयात रायफलीबाबत आणखी एक बारकावा आहे: खरेदीच्या वेळी सीमाशुल्कात सवलत मिळाली असेल आणि पुढच्या वेळी ती मिळेलच याची खात्री नसेल, तर बदली रायफल घेताना किती पैसे लागतील याचा हिशोब सवलत वगळून करावा.

विमा रक्कम कमी लावून हप्ता वाचवण्याचा मोह टाळावा. अनेक पॉलिसींमध्ये सरासरीचे कलम असते. समजा, बंदुकीची खरी किंमत २,००,००० रुपये आहे आणि विमा १,००,००० रुपयांचा उतरवला आहे. आगीत तिचे ४०,००० रुपयांचे नुकसान झाले, तर कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे २०,००० रुपयेच देते. नुकसान विमा रकमेच्या आत आहे म्हणून पूर्ण भरपाई मिळेल, ही समजूत तेथे चुकीची ठरते. वारशाच्या शस्त्राला भावनिक मोलही असते. त्याची भरपाई कोणतीही पॉलिसी देत नाही.

आता पॉलिसी कोणती घ्यावी. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित गृहविमा पॉलिसी आग, वीज, भूकंप, वादळ, पूर अशा संकटांपासून घर आणि घरसामानाला संरक्षण देते. दागिने, कलावस्तू, पुरातन व दुर्मीळ वस्तू यांसाठी तिच्यात मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण असून त्यांची किंमत मूल्यांकनाच्या प्रमाणपत्रावरून आधीच मान्य केली जाते. परंतु तिच्यात चोरीचे संरक्षण, पुरासारखी विमित घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरतेच असते. एरवी घर फोडून बंदूक नेली, तर ही मूळ पॉलिसी उपयोगी पडत नाही. शस्त्राच्या बाबतीत सर्वांत मोठी भीती चोरीचीच असल्याने घरफोडीचे कलम असलेली हाऊसहोल्डर पॉलिसी किंवा वस्तुनिहाय ‘ऑल रिस्क’ पॉलिसी (स्पष्टपणे वगळलेली कारणे सोडून, वस्तू घराबाहेर असतानाही संरक्षण देणारी) विचारात घ्यावी. माझे मत स्पष्ट आहे: जे शस्त्र घराबाहेर कधीच जात नाही त्याला गृहविमा आणि घरफोडीचे कलम पुरेसे आहे, जी रायफल दर आठवड्याला सराव केंद्रावर जाते तिला ऑल रिस्क घ्यावे, हप्ता जास्त असला तरी.

शाखेत किंवा एजंटाकडे गेल्यावर ‘बंदुकीचा विमा होतो का’ एवढे विचारून थांबू नये. बंदुका घरसामानात धरल्या जातात की वगळल्या आहेत, प्रत्येक नगावर काही वेगळी मर्यादा आहे का, कुलूप न तोडता झालेली चोरी (घरातील नोकराने किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याने केलेली) धरली जाते का, घर किती दिवस सलग बंद राहिले तर संरक्षण थांबते, आणि बंद गाडीत ठेवलेली रायफल चोरीला गेली तर काय, हे प्रश्न लेखी विचारून उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी ‘हो, सगळं येतं’ याला दाव्याच्या वेळी किंमत नसते. तयार झालेल्या पॉलिसीच्या परिशिष्टात प्रत्येक शस्त्र बनावट आणि क्रमांकासह छापून आले आहे ना, हे पाहूनच ती स्वीकारावी.

काडतुसांबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. भारत गृह रक्षा पॉलिसीत स्फोटक पदार्थ स्पष्ट नोंद केल्याशिवाय वगळलेले असतात, त्यामुळे काडतुसे आणि ठासणीच्या बंदुकीची दारू विम्यात आहे असे गृहीत धरू नये.

एका गोष्टीकडे महाराष्ट्रातील परवानाधारकांचे हमखास दुर्लक्ष होते. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, आणि काही जण लांबच्या प्रवासाला जाताना ते परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवतात. पॉलिसीवर विम्याचे ठिकाण म्हणून फक्त घराचा पत्ता असेल, तर या काळात शस्त्र विम्याच्या बाहेर असते. म्हणून पॉलिसी घेतानाच ‘पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असतानाही’ अशी पुरवणी नोंद मागावी. जमा करताना पावतीवर क्रमांकाबरोबर शस्त्राची स्थितीही लिहून घ्यावी आणि परत घेताना तेथेच तपासावे. दमट कोठडीत काही आठवडे पडून नळीवर चढलेला गंज ही हळूहळू होणारी झीज मानली जाते आणि ती जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत वगळलेली असते. कोकणातील पावसाळ्यात तेल लावून, कोरड्या कापडाने पुसून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवणे हाच गंजावरचा उपाय आहे.

घरात शस्त्र भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या पोलादी कपाटात, रिकामे करून, मुलांच्या हाती किल्ली लागणार नाही अशा रीतीने ठेवावे आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. ही शस्त्र नियमांनुसार धारकाची जबाबदारी आहेच, शिवाय ‘वाजवी काळजी’ घेतली नाही या कारणावरून दावा नाकारला जाण्याची शक्यताही त्यामुळे कमी होते. नदीकाठच्या गावात हे कपाट वरच्या मजल्यावर असावे.

चोरी किंवा गहाळ झाल्याचे लक्षात येताच आधी पोलीस ठाणे, मग विमा कंपनी, हा क्रम बदलू नये. शस्त्र हरवल्याची माहिती जवळच्या पोलीस ठाण्याला तत्काळ देणे ही परवान्याचीच अट आहे. ते शस्त्र कोणाच्या हाती पडेल हा प्रश्न भरपाईपेक्षा कितीतरी मोठा आहे. एफआयआरमध्ये प्रत्येक क्रमांक लिहिला गेला आहे ना ते वाचून पाहावे, परवाना प्राधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि त्याच दिवशी कंपनीला सूचना द्यावी. आग किंवा पुराच्या नुकसानीत शस्त्र आहे त्या स्थितीत छायाचित्रित करावे, त्यानंतर ते आणखी बिघडू नये म्हणून कोरडे करावे, आणि परवानाधारक कारागिराने तपासेपर्यंत त्यातून एकही बार काढू नये. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसानीची पाहणी करून अंदाज देणाऱ्या तपासनिसाने, पाहण्यापूर्वी जळालेले अवशेष टाकून देऊ नयेत.

अवशेषांचा प्रश्न शस्त्राच्या बाबतीत निराळा असतो. जळालेला फ्रीज कंपनी भंगार म्हणून ताब्यात घेऊ शकते. क्रमांक असलेली बंदूक, मोडकी असली तरी, परवान्याशिवाय कोणाच्याही हाती देता येत नाही. त्यामुळे भरपाईतून भंगाराची किंमत कशी वजा होणार आणि अवशेष कोठे जमा होणार, हे सर्व्हेअरशी आणि परवाना प्राधिकाऱ्याशी आधी ठरवून घ्यावे. चोरीची भरपाई मिळाल्यानंतर शस्त्र सापडले, तर त्यावर सर्वसाधारणपणे कंपनीचा हक्क येतो आणि ते मुद्देमाल म्हणून न्यायालयाच्या आदेशापर्यंत पोलिसांकडेच राहते. घराण्याची बंदूक परत हवी असल्यास मिळालेली रक्कम परत करण्याची तयारी असल्याचे कंपनीला दावा मंजूर होतानाच लेखी कळवून ठेवावे.

दावा नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. तेथे समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर परवाना आणि पॉलिसी या दोन्ही गोष्टी आपोआप मुलाच्या नावे होत नाहीत. वारसांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे, वारसाहक्काच्या परवान्यासाठी अर्ज करावा आणि विमा कंपनीला मृत्यूची व शस्त्राच्या नव्या ठिकाणाची माहिती देऊन पॉलिसीत नोंद करून घ्यावी. यासाठी शस्त्रांची यादी, परवान्याची प्रत आणि पॉलिसी एकाच पाकिटात ठेवून ते कोठे आहे हे घरातील एका जबाबदार व्यक्तीला आजच सांगून ठेवावे.