शॉक ॲब्सॉर्बर वॉरंटीत बदलून घेताना

गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरवर (चाकाजवळच्या, धक्के शोषणाऱ्या भागावर) तेलाचा ओघळ दिसला, की तो पुसण्याआधी फोटो काढावा आणि सोबत ओडोमीटरचाही (गाडी किती किलोमीटर चालली ते दाखवणाऱ्या आकड्याचाही), कारण पुसलेल्या भागावर ‘गळती आढळली नाही’ असा शेरा सहज मारला जातो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जॉबकार्डवर (गाडीच्या तक्रारी व कामे नोंदवण्याच्या कागदावर) ‘पुढच्या डाव्या चाकाकडून खड्ड्यात खडखड येते’ असे नेमके लिहून घ्यावे व प्रत मागावी. खराब रस्त्यांचे कारण पुढे करून दावा फेटाळला, तर नकार लेखीच घ्यावा (तोंडी नकाराला पुढे काडीची किंमत नसते) आणि सर्व्हिसच्या पावत्या जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल पाठवावा. तिथेही दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.