ताराराणींवर भाषण लिहिताय? आधी विशेषणं खोडा

साताऱ्यातल्या शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे वक्तृत्व स्पर्धा जवळ आल्या की मुलं भाषणाचे कागद घेऊन येतात. ताराराणी, सावित्रीबाई, आनंदीबाई ठरलेल्या. मी पहिलं काम सगळ्यांना एकच देते: पेन्सिल घ्या आणि विशेषणं खोडा. रणरागिणी, कारस्थानी, त्यागमूर्ती, सगळी. बऱ्याच कागदांवर मग दोन ओळीही उरत नाहीत. रिकाम्या जागी त्या बाईनं केलं काय ते लिहायचं, सनासकट.

ताराबाईंचं बघा. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा त्या पंचविशीत होत्या, आणि इकडं साताऱ्याच्या किल्ल्याला खुद्द औरंगजेबाचा वेढा. एप्रिलमध्ये किल्ला पडला. लहानग्या मुलाला गादीवर बसवून त्यांनी पुढची सात वर्षं बादशहाशी झुंज चालू ठेवली. मुलं इथंच थांबतात, कारण इथवर कौतुक करणं सोपं. थांबू देऊ नका. १७०७ मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तरी ताराबाईंनी मुलाचा हक्क सोडला नाही. १७५० मध्ये याच आपल्या अजिंक्यताऱ्यावर त्यांनी शाहूंनंतर छत्रपती झालेल्या रामराजांना कैदेत ठेवलं.

आठवीतल्या एका मुलीनं इथं ‘सत्तेची हाव’ लिहिलं होतं. मी विचारलं, माधवराव पेशव्यांनी सख्ख्या चुलत्याला, राघोबादादांना, शनिवारवाड्यात कोंडलं, त्याला काय म्हणशील? ‘राज्याची काळजी,’ ती पटकन बोलून गेली. मग गप्प झाली आणि खोडरबर शोधायला लागली. वाक्यातलं बाईचं नाव काढून पुरुषाचं घालायचं आणि मोठ्यानं वाचायचं, ही तपासणी घरीही करता येते.

अर्थात दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, तेही लिहायला लावा. राघोबादादांनी बंड केलं होतं, रामराजांनी नाही. ज्याला नातू म्हणून पुढं आणलं त्यालाच तोतया ठरवल्यानं छत्रपतींच्या गादीचं नुकसानच झालं. ताराबाईंना दोष जरूर द्या. तो त्यांच्या कृतीचा असू दे, बाईमाणूस असून राज्य हातात धरलं याचा नको.

पुढचं काम, निवाडा कुणाचा ते बघणं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण रामशास्त्री प्रभुण्यांनी, आपल्या माहुलीच्याच, दोषी धरलं ते राघोबादादांना! वहीत दोन रकाने आखा, लोक काय म्हणतात आणि त्या वेळचा न्यायाधीश काय म्हणाला. ताराबाईंसाठी तिसरा रकाना शत्रूचा. खाफीखान मोगलांच्या बाजूचा, मराठ्यांबद्दल कडवट लिहिणारा, पण त्यांची हुशारी आणि राज्यकारभाराची जाण तोही कबूल करतो.

सावित्रीबाईंच्या बाबतीत गोष्ट उलटी. खंडाळा तालुक्यातलं नायगाव त्यांचं माहेर, म्हणून ३ जानेवारीला आपल्याकडं भाषणांचा पूर येतो, आणि प्रत्येकात शेणाचे गोळे आणि पिशवीतलं दुसरं लुगडं असतंच. कौतुकसुद्धा बाईला सोसण्यापुरतं ठेवतं, याचा मला मनापासून राग येतो. १८९० मध्ये जोतीराव गेले. दत्तक यशवंतच्या हक्कावरून भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे प्रेतापुढं धरायचं मडकं, धरून अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. भाषणाला पाच मिनिटं असतील तर शेणाला एक वाक्य पुरे, टिटव्याला दोन मिनिटं द्या.